हात लावायचा नाही

पुढच्या दोन्ही चाकांत पितळेची कडी,
प्रत्येकी सत्तर ग्रॅम.
इडवलनं ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली.
काट्यावर कालचं पीठ तसंच होतं.
"चढणाऱ्याचं बूड जड नको," तो म्हणाला,
"नाक जड हवं."

मग निघालो. दोन म्हातारे
आणि हातभर लांबीचा हिरवा ट्रक.
टपावर करंगळीएवढा डिझेलचा डबा,
फावडं, दोराचं वेटोळं,
आत सीटला चिकटवलेला ड्रायव्हर.
त्याच्या मिशा इडवलच्या नातीनं
नेलपॉलिशनं रंगवल्यात. जांभळ्या.

ब्लायनायच्या वर, स्लेटच्या ढिगाऱ्यांमधली जुनी उतरण.
इथून कधीकाळी तारेच्या दोरावर वॅगनी सुटायच्या,
आणि इडवलचा बाप खाली उभा राहून मोजायचा.
आता मेंढ्या, नेचे,
आणि रात्रभर भिजलेला निळाकाळा दगड,
कडा वस्तऱ्यासारख्या.
"झकास हवा," इडवल म्हणाला.
"कोरड्यात काय, कुणीही चढेल."

नियम एकच. तो त्यानं मला तीनदा सांगितला:
अडकला, कलंडला, उताणा पडला
तरी हात लावायचा नाही.
मागे घे. चाक वळव. दुसरी वाट शोध.
हात लागला की चाचणी संपली.

मी वही धरली.
एकतीस वर्षं मी याच खोऱ्यात बस चालवली,
वळणावळणावर डांबरावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं
आराव. म्हणजे हळू.
एकतीस वर्षं त्या शब्दावरून
मी चाळीसच्या वेगानं गेलो.

हळू म्हणजे काय ते आज पाहिलं.
टायर दगडाच्या कडेला टेकतो, दुमडतो,
आंधळ्याच्या बोटांसारखा चाचपतो,
मोटर बारीक कण्हते,
एक चाक हवेत, तीन दगडावर,
आणि मग घोरपडीगत चिकटून
सगळा ट्रक एक इंच वर.
एक इंच. मध्ये मी नाक शिंकरून घेतलं,
तरी काही चुकलं नाही.

तिसरा टप्पा मात्र ऐकेना.
गुडघाभर उंच, वरून बाहेर आलेला.
चाचणी एक: घसरला.
दोन: घसरला. मागच्या टायरची हवा कमी हवी.
(त्यात हवा नसते, फोम असतो. मी खोडलं.)
तीन: उताणा. चारही चाकं आभाळाकडे,
जांभळ्या मिशा खाली डोकं, वर पाय.
माझा हात आपसूक पुढे गेला.
"हं," इडवल म्हणाला. मी हात खिशात घातला.
त्यानं चाकं डावी-उजवी झटकली, झटकली,
आणि ट्रक झुरळासारखा उलटून उभा राहिला.
चार: घसरला.

पाचव्याला इडवलच घसरला.
नवा गुडघा, मार्चमध्ये बसवलेला,
ओल्या दगडावर त्यानं ओळखच दाखवली नाही.
रिमोट छातीशी धरून तो पाठीवर पडला,
अलगद, जणू कुणी निजवावं तसा.
मी पुढे झालो.
"वही खाली ठेवू नकोस," तो म्हणाला. "आणि हात लावू नकोस."

मग पाहत राहिलो.
आधी एका कुशीवर. थांबला.
कोपर. दुसरं कोपर. ते नाही जमलं, मागे घेतलं.
चांगला गुडघा. खाच शोधत एक बूट.
एक मेंढी चघळायची थांबली.
किती वेळ लागला ते मी लिहिलं नाही,
पेन उघडंच होतं.

उभा राहिला तेव्हा वरून कण्हणं ऐकू आलं.
पडतानाही त्याचं बोट ट्रिगरवरच होतं.
ट्रक तिसऱ्या टप्प्यावर उभा,
नाक वर, एका चाकात गवताची काडी,
ड्रायव्हर सरळ पुढे बघत.

"कसा चढला?"
"मी तर आभाळ बघत होतो. तू?"
"मी तुला."
इडवलनं तोंडातली माती थुंकली.
"लिही, चढला. पुढची रेघ कोरी सोड."

उतरताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता,
भार चांगलाच.
उतरण्याबद्दल नियमात काही नव्हतं.
ट्रक माझ्या काखेत,
आणि कोटातून जाणवत होती
मोटर, अजून कोमट.